जत्रेतली जागा कोण वाटतं?

सप्टेंबर २०२५मध्ये आशिया चषक खेळायला भारतीय संघ अमिरातीत उतरला, तेव्हा खेळाडूंच्या छातीवर देशाच्या नावाखेरीज काहीच लिहिलेलं नव्हतं. समाजमाध्यमांवर बऱ्याच जणांना गहिवरून आलं. जर्सी कशी स्वच्छ दिसते, कायम अशीच राहू द्या, वगैरे. पण ती स्वच्छता कुणी ठरवून आणलेली नव्हती. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणाऱ्या कायद्यावर २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. असाच खेळ चालवणाऱ्या ड्रीम इलेव्हन कंपनीने तीन वर्षांसाठी ३५८ कोटींना घेतलेली छातीवरची ती जागा मुदतीआधीच सोडली आणि नवं गिऱ्हाईक मिळेपर्यंत ती रिकामी राहिली. एवढंच.

त्या जागेवर आधी कोण कोण बसून गेलं, ते पाहण्यासारखं आहे. २००१ ते २०१३ सहारा. या समूहाच्या दोन कंपन्यांनी लोकांकडून गोळा केलेला पैसा व्याजासह परत करावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१२मध्ये दिला. २०१४मध्ये समूहाचे प्रमुख तुरुंगात गेले. आणि सहाराच्या सहकारी संस्थांत अडकलेल्या ठेवीदारांसाठी केंद्र सरकारला जुलै २०२३मध्ये वेगळं पोर्टल काढावं लागलं. मग स्टार, मग ओप्पो. सप्टेंबर २०१९पासून बायजूज. घरोघरच्या आईबापांना मुलाच्या भवितव्याचा घोर लावून शिकवणी विकणारी ही कंपनी २०२४मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. अर्ज कुणाचा? क्रिकेट मंडळाचाच, थकलेल्या सुमारे १५८ कोटींसाठी. त्यानंतर ड्रीम इलेव्हन, जिचा पैशांचा खेळ संसदेनेच बंद केला.

पाचातली तीन नावं अशी निघाली. हा निव्वळ योगायोग आहे, असं मला वाटत नाही. मंच जितका महाग, तितकी त्यावर दुसऱ्याच्या पैशावर किंवा दुसऱ्याच्या व्यसनावर चालणारा धंदा चढण्याची शक्यता जास्त. आणि मंच महाग होतो तो आपल्या बघण्याने.

हे खानदेशातून लिहिण्याला कारण आहे. आयपीएलचा मोसम आणि आमच्याकडचा लग्नांचा, जत्रांचा, आखाजीचा म्हणजे अक्षय्य तृतीयेचा मोसम एकच. जळगाव-भुसावळचा पारा ४५च्या आसपास घुटमळत असतो. दुपारभर दारं लावून बसलेलं गाव सातनंतर ओट्यावर, गच्चीवर येतं. कापूस विकून झालेला असतो, किंवा भाव वाढेल म्हणून घरातच पडलेला असतो. केळीला पाणी देणं तेवढं चालू. शेताला रात्रीची वीज असेल, तर मोटार सुरू करायला गेलेला माणूस बांधावर बसून मोबाइल उघडतो. साडेसातला सामना. ही वेळ कुणी आमच्याकडे बघून ठरवलेली नाही, पण बसते मात्र अगदी मापात.

या वेडाला नावं ठेवणारे लोक मला फारसे पटत नाहीत. टीव्हीने माणसं बिघडवली, वाचन संपलं, पोरं नादी लागली, हे सुस्कारे १९८७मध्ये रविवारी साडेनऊला ‘रामायण’ लागायचं तेव्हाही टाकले गेले होते. माणसं ज्या ओढीने सामन्याला बसतात ती जत्रेचीच ओढ आहे. अमळनेरला वैशाखात बोरीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरते, मार्गशीर्षात तापीकाठी सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार भरतो. तिथे जाणारे सगळेच काही दर्शनाला किंवा घोडा घ्यायला जात नाहीत. माणसं माणसं बघायला जातात. सगळे जिथे आहेत तिथे आपणही असावं म्हणून जातात. १९ नोव्हेंबर २०२३ला विश्वचषकाची अंतिम लढत मोबाइल-इंटरनेटवर एका क्षणी ५.९ कोटी ठिकाणी एकाच वेळी चालू होती. टीव्हीसमोरचे वेगळे आणि चौकातल्या पडद्यासमोरचे त्याहून वेगळे. हरलो, पण तेही सगळ्यांनी मिळून. एवढ्या मोठ्या मेळ्यात सामील व्हावंसं वाटणं ही माणसाची खोड नाही, गरज आहे.

आणि जत्रा म्हटली की दुकानं आलीच. गोडी शेव, पाळणे, बांगड्या, भांडी. दुकानांशिवाय जत्रा कुणालाच नको असते, तशी जाहिरातीशिवाय टीव्हीही नको असेल, माझी तक्रार नाही. विकणं-विकत घेणं खानदेशाला नवं नाही. जळगावचं सोनं, डाळी, पाइप, रावेर-यावलची केळी, सगळा जिल्हा व्यापारावर उभा आहे. अमळनेरला १९४५मध्ये वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, तीच पुढे विप्रो झाली. त्या गावातल्या साध्यासुध्या लोकांनी तेव्हा शेअर घेतले आणि त्यांच्या पुढच्या पिढ्या त्यावर सुखी झाल्या, ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. मला त्यात जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे, की कारखाना गावातच होता. धुराडं दिसत होतं, कामाला जाणारी माणसं ओळखीची होती. सहाराचं नाव मात्र लोकांना आधी दिसलं ते सचिनच्या आणि द्रविडच्या छातीवर. भरवसा तिथून उसना आलेला.

जत्रेतल्या दुकानाला जागा कुणीतरी देतं. पालिका किंवा ग्रामपंचायत पावती फाडते. पाळणा कुठे, हॉटेलं कुठे, तमाशाचा तंबू किती लांब, हे ठरतं. जुगार मांडणारा चक्रीवाला, सोरटवाला येतोच. पण तो कडेला, दिव्याखाली नाही, आणि पोलीस दिसला की चादर गुंडाळून पळायच्या तयारीत. त्याने रथाच्या वाटेवर पथारी मांडली तर लोकच उठवतील. टीव्हीच्या जत्रेत हा चक्रीवाला थेट देवळाच्या पायरीवर येऊन बसला. नुसता बसला नाही, देवाच्या अंगावरच त्याचं नाव आलं.

आखाजीचं उदाहरण घेतो, कारण ते आमच्या घरातलं आहे. अक्षय्य तृतीयेला खानदेशात लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात, पितरांची घागर भरली जाते, सालदाराचं साल ठरतं. आणि पुरुष पत्ते खेळतात. पैसे लावून खेळतात. हे लपवण्यात अर्थ नाही. निंबाखाली, मळ्यात, बंद खोलीत डाव बसतात, आणि त्या एक-दोन दिवसांत घरचे बघूनही न बघितल्यासारखं करतात. मी या प्रथेचं कौतुक करत नाही. आखाजीच्या डावात बैलजोडी घालवलेल्या माणसांच्या गोष्टी गावोगाव आहेत आणि त्या सांगताना बायका हसत नाहीत. पण त्या जुगाराला काठ होते. सण संपला की डाव मोडायचा. समोर बसलेला माणूस ओळखीचा असायचा आणि हरणाऱ्याला एखादा आप्पा किंवा नाना ‘बस झालं आता, ऊठ’ म्हणू शकायचा. हरलेला पैसा फार तर शेजारच्या गल्लीत जायचा.

सामन्यातल्या खेळाडूंतून आपली टीम निवडून तिच्यावर पैसे लावायच्या मोबाइलवरच्या खेळाने आखाजीची ती सूट तेवढी उचलली आणि काठ काढून टाकले. मोसमात रोज संध्याकाळी पारावर एकच प्रश्न, ‘टीम लावली का भो?’ एकोणपन्नास रुपयांत करोडपती झालेल्याची बातमी पेपरात फोटोसह यायची, एकोणपन्नास रुपये गमावणाऱ्यांची कधी येत नव्हती, कारण ती बातमी होण्याइतकी दुर्मीळ नव्हती. कोर्टाने हा कौशल्याचा खेळ मानला होता, त्यामुळे कायद्याने अडवायची सोय नव्हती. म्हणजे निंबाखाली पत्ते कुटणाऱ्या चौघांना पोलीस १८८७च्या जुगार कायद्याखाली उचलत, त्यांची नावं दुसऱ्या दिवशी छापून येत, आणि त्याच वेळी फोनमधल्या डावाचं नाव घालून देशाचा कर्णधार नाणेफेकीला जात होता. कायद्यासमोर सगळे समान असतात, असं नागरिकशास्त्रात होतं.

या जाहिरातींखाली सावधगिरीचा इशारा असायचा. तो डिसेंबर २०२०पासून सक्तीचा होता: या खेळात आर्थिक जोखीम आहे, सवय लागू शकते, जबाबदारीने खेळा. जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन परिषदेने तो नेहमीच्या बोलण्याच्या वेगाने वाचावा, असंही म्हटलं होतं. प्रत्यक्षात तो कसा वाचला जायचा हे ज्याच्या घरी टीव्ही आहे त्याला सांगायला नको. लहान मुलं त्याची नक्कल करून बक्षीस मिळवायची.

आता पैशाकडे येऊ, कारण सगळं तिथून सुरू होतं. आयपीएलचे २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटींना गेले. त्या वेळी धरलेल्या ४१० सामन्यांवर हा आकडा पसरला तर एका सामन्याचे ११८ कोटी होतात, आणि सामन्याचे २४० चेंडू धरले तर एका चेंडूचे सुमारे ४९ लाख. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६चा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आहे. म्हणजे एका चेंडूत सहाशे क्विंटल कापूस. (ही तुलना थोडी कपटी आहे हे मला कळतं. चेंडू बघून कुणी कपडे घालत नाही आणि कापूस बघायला कुणी स्टेडियम भरत नाही. तरी आकडा एकदा आपल्या मापाने मोजून पाहावा, त्याशिवाय तो डोक्यात शिरत नाही.)

हे ४९ लाख वसूल व्हायचे कुठून? वर्गणीतून थोडे, बाकी जाहिरातीतून. म्हणून षटक संपताच चेंडूपेक्षा वेगाने जाहिरात येते. म्हणून खेळाची घडणही बदलते: २००८च्या पहिल्या मोसमात नसलेला ‘स्ट्रॅटेजिक टाइमआउट’ २००९मध्ये आला, आता प्रत्येक सामन्यात अडीच मिनिटांचे चार असतात. डावपेच दहा सेकंदांत बोलून होतात, उरलेला वेळ कुणाचा हे सांगायला नको. आणि अशा दराने जागा घेणं परवडतं कुणाला? साबणवाल्यालाही परवडतं, टायरवाल्यालाही, मान्य. टाटाचं नाव २०२२पासून स्पर्धेला आहेच. पण बाजारात नव्याने घुसायची घाई असलेला, गुंतवणूकदारांचा पैसा जाळायला मिळालेला, किंवा ज्याच्या मालाची सवय लागली की गिऱ्हाईक सुटत नाही असा विक्रेता नेहमीच जास्त बोली लावू शकतो. साबणाला माणूस किती पैसे घालवील याला मर्यादा आहे, जुगाराला नाही.

अमेरिकेत हे आपल्याआधी होऊन गेलं. तिथे सुपर बोल हा फुटबॉलचा एक सामना आहे, आणि त्यातल्या जाहिराती बघायला म्हणून वेगळी माणसं बसतात. १९८४मध्ये अ‍ॅपलने मॅकिंटॉश संगणकाची जाहिरात तिथे दाखवली तेव्हापासून त्या जाहिरातींचं कौतुक सामन्याइतकंच होतं. २०२५मध्ये तीस सेकंदांसाठी ८० लाख डॉलरपर्यंत मोजले गेले. जानेवारी २०००च्या सामन्यात इंटरनेटवर दुकानं थाटणाऱ्या नव्या कंपन्यांची गर्दी होती. त्यांतली पाळीव प्राण्यांचं सामान विकणारी पेट्स डॉट कॉम त्याच वर्षी नोव्हेंबरात बंद पडली. फेब्रुवारी २०२२च्या सामन्यात आभासी चलनवाल्यांची गर्दी. त्यांतली एफटीएक्स त्याच नोव्हेंबरात कोसळली. आपल्याकडेही २०२१मध्ये सामन्यांच्या मधे मधे क्रिप्टोच्या जाहिराती होत्या, आठवत असतील. एवढ्या मोठ्या पडद्यावर दिसते म्हणजे कंपनी पक्की असणार, हा आपला समज. पतसंस्थांत हात पोळून घेतलेल्या जळगाव जिल्ह्याला तरी तो परवडणारा नाही.

यावर नेहमीचं उत्तर येतं: कुणी जबरदस्ती केली का? ज्याने त्याने शहाणं व्हावं. हे उत्तर देणाऱ्यांसाठी एक आठवण. जुलै २०२५मध्ये राज्याचे तेव्हाचे कृषिमंत्री सभागृहात मोबाइलवर रमी खेळत असल्याचा आरोप करणारा व्हिडिओ फिरला. आपण खेळत नव्हतो, स्क्रीनवर आलेला खेळ बंद करत होतो, असं त्यांनी सांगितलं. ते शब्दशः खरं मानू. मग विधिमंडळात बसलेल्या मंत्र्याच्या फोनवर जो खेळ न बोलावता येतो, तो बांधावर बसलेल्या पोराच्या फोनवर येऊ नये म्हणून त्या पोराने नेमकं काय करायचं? (महिनाअखेरीला मंत्र्यांचं कृषिखातं गेलं आणि क्रीडाखातं आलं. यावर मी काही बोलत नाही.)

शहाणपण गिऱ्हाइकावर ढकलणं ही विक्रेत्याची सोय आहे. ऑनलाइन खेळांमुळे ४५ कोटी लोकांना फटका बसतो आणि ते वर्षाला २०,००० कोटींहून जास्त घालवतात, असा अंदाज सरकारनेच कायदा आणताना दिला. इतके सगळे एकदम मूर्ख नसतात. नव्या कायद्यातली मला सर्वांत शहाणी वाटलेली गोष्ट म्हणजे त्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड. निंबाखालच्या चौघांना धरणारा १८८७चा कायदा आणि हा कायदा यांच्यात नजरेचाच फरक आहे.

पण हे एका मालापुरतं झालं. पान मसाल्याचं काय? गुटख्याला महाराष्ट्रात २०१२पासून बंदी आहे. मध्य प्रदेश आणि गुजरातच्या सीमा लागून असलेल्या आमच्या तिन्ही जिल्ह्यांत तो पकडल्याच्या बातम्या तरीही नित्याच्या आहेत. तंबाखूची जाहिरात दाखवता येत नाही, म्हणून त्याच नावाची वेलची दाखवतात. वेलचीच्या एका दाण्यासाठी तीन-तीन सिनेनट लागतात, इतकी ती गुणकारी! २०२२मध्ये अक्षय कुमारने चाहत्यांच्या रागामुळे अशा जाहिरातीतून अंग काढून घेतलं, माफी मागितली. जाहिरात चालूच राहिली. मार्च २०२५मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालकांनी आयपीएलच्या अध्यक्षांना पत्र लिहून तंबाखू आणि दारूच्या उघड-छुप्या सगळ्या जाहिराती बंद करायला सांगितलं. पत्र. विनंती. ज्या देशात आरोग्य खात्याला क्रिकेट मंडळाकडे अर्ज करावा लागतो, तिथे जागेची पावती कोण फाडतं हे वेगळं सांगायला नको.

गंमत म्हणजे नियम आहेत. केबल टीव्हीच्या १९९४च्या नियमांत स्पष्ट लिहिलंय, की जाहिरात कार्यक्रमापासून वेगळी ओळखू आली पाहिजे आणि पडद्याच्या खालच्या भागात स्थिर किंवा सरकता मजकूर टाकून कार्यक्रमात अडथळा आणता कामा नये. तासाला बारा मिनिटांहून जास्त जाहिरात नको, हेही तिथेच आहे. आता गोलंदाज रनअप घेत असताना जाहिरातीला जागा द्यायला आकसून बाजूला सरकणारं चित्र आठवा आणि हा नियम पुन्हा वाचा. शिवाय हे नियम केबल-डिशचे. सामना मोबाइलवर गेला आणि नियम मागे टीव्हीतच राहिले. तेव्हा मागणी नव्या उपदेशाची नाही. आहे तो नियम पाळायला लावा, तो मोबाइलवरही लागू करा, आणि ज्या नावाचा माल विकायला बंदी आहे त्या नावाची वेलची, सोडा, पाण्याची बाटली काहीही सामन्यात दाखवू नका. तीन ओळींचं काम आहे.

खेळाला मग पैसा कुठून येईल, ही भीती सांगितली जाते. जुगार गेल्यावर काही आठवड्यांतच अपोलो टायर्स आले, अडीच वर्षांसाठी ५७९ कोटी मोजून. ड्रीम इलेव्हनने तीन वर्षांना दिले होते त्याहून जास्त.

दिल्ली-मुंबईचं हे असं. पण काही पावत्या आपल्याच गावात फाडल्या जातात, आणि तिथे आपलं वागणं काही वेगळं नाही. अक्कलकुव्याजवळ काठीची राजवाडी होळी बघितली आहे का? सातपुड्यातली हजारो माणसं रात्रभर नाचतात, बांबूचा उंच दांडा उभा राहतो, आणि कुठल्याही पान मसाल्याच्या कंपनीची त्यात मुख्य भूमिका नसते. आमच्या शहरांतल्या गणेश मंडळांच्या कमानी बघा. गणपतीचा चेहरा वर छोटा, खाली वेलचीचं पुडकं माणसाएवढं. सामन्यासाठी चौकात पडदा लावतात त्याच्या दोन्ही बाजूंना तेच. मंडळाच्या पोरांना याबद्दल विचारलं, तर ती सरळ सांगतात, कमानीचे पैसे घेतले नाहीत तर डीजे कसा आणायचा? प्रश्न रास्त आहे. मग डीजे आणू नका.